मे महिन्यात टिकेल अशी सर्व्हर रूम : खान्देशातल्या संस्थांसाठी डेटा सेंटर सुधारणेचं टप्प्याटप्प्याचं नियोजन

जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या बहुतेक संस्थांचं डेटा सेंटर म्हणजे दोन ते सहा रॅकची (सर्व्हर बसवायच्या लोखंडी कपाटांची) एक खोली. नागरी सहकारी बँक, पतसंस्था, अभियांत्रिकी महाविद्यालय, मोठं रुग्णालय, एमआयडीसीतला पाइपचा किंवा चटईचा कारखाना, डाळ मिल, सगळीकडे चित्र सारखंच. ही खोली कुणी आखून बांधलेली नसते. एक सर्व्हर आला, मग दुसरा आला, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आला, कोपऱ्यात यूपीएस बसला आणि वर दोन स्प्लिट एसी लागले. पुढे कधीतरी मे महिन्यात दुपारी सर्व्हर आपोआप बंद पडतात. संचालक मंडळ विचारतं, 'काय लागेल ते सांगा', आणि विक्रेत्याचं कोटेशन येतं : नवे सर्व्हर, मोठा यूपीएस, जास्त टनांचे एसी.

माझं म्हणणं एवढंच आहे की खरेदी सगळ्यात शेवटी करा. आधी मोजा, मग नको ते बंद करा, उरलेलं एकत्र आणा, त्यानंतर हवा आणि वीज नीट करा आणि मग काय इथे ठेवायचं, काय बाहेर न्यायचं ते ठरवा. हा क्रम उलटला की पैसा जातो. आज ८ किलोवॉट भारासाठी एसी घेतला आणि सहा महिन्यांनी भार ५ किलोवॉटवर आला, तर जास्तीची यंत्रणा दहा वर्षं सांभाळत बसावं लागतं.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची. भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, काही दिवस त्याच्याही वर. बाजारातल्या बहुतेक एसीवर लिहिलेली क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. या १० अंशांच्या फरकाचा विचार न करता केलेलं नियोजन मुंबईत चालेल, इथे चालणार नाही.

कामाला एक मालक आणि एक उद्देश

हे काम आयटी विभागाचं एकट्याचं नाही. वीजबिल लेखा विभाग भरतो, जनरेटर इलेक्ट्रिशियन सांभाळतो, छताची गळती इमारतीची देखभाल बघणारा माणूस दुरुस्त करतो. या तिघांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या आणि जबाबदारी एकाच माणसाच्या नावावर लेखी द्या.

उद्देशही आधीच ठरवा : बिल कमी करायचं आहे, बंद पडण्याचे तास कमी करायचे आहेत, की लेखापरीक्षणातल्या त्रुटी दूर करायच्या आहेत? तिन्ही हव्याच असतात, पण पहिला क्रमांक एकाचाच हवा, कारण पुढे निर्णय अडतो तेव्हा तोच उपयोगी पडतो. बँकेने आणि रुग्णालयाने पहिला क्रमांक सेवा चालू राहण्याला द्यावा. कारखान्याने आणि महाविद्यालयाने बिलाला दिला तरी हरकत नाही.

यादी : हात लावून केलेली

जुन्या एक्सेल शीटवर विसंबू नका. खोलीत उभं राहून प्रत्येक यंत्राला क्रमांकाचं लेबल लावा आणि प्रत्येकासमोर लिहा : काय चालतं, कोण वापरतं, बंद पडलं तर कुणाचा फोन येईल, ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, वॉरंटी कधी संपली, प्लग कुठल्या सर्किटवर आहे.

'कोण वापरतं' हा रकाना सगळ्यात मोलाचा. तो रिकामा राहिलेली यंत्रं निघतातच. बदललेल्या सॉफ्टवेअरचा जुना सर्व्हर 'कधी लागला तर' म्हणून चालू असतो. उलट, टॅलीचा चालू डेटा लेखा विभागात टेबलाखालच्या डेस्कटॉपवर असतो आणि तो सर्व्हर रूमच्या कुठल्याच यादीत नसतो. त्यामुळे खोलीबाहेरची यंत्रंही यादीत घ्या.

आधार संपलेली, म्हणजे बनवणाऱ्याकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं थांबलेली सॉफ्टवेअर लाल शाईने वेगळी काढा. विंडोज सर्व्हर २०१२ आणि २०१२ आर२ यांचा आधार १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला, एसक्यूएल सर्व्हर २०१४ चा ९ जुलै २०२४ ला. विंडोज सर्व्हर २०१६ चा जानेवारी २०२७ मध्ये संपतो. यातलं काही तुमच्याकडे चालत असेल, तर वीज वाचवण्याआधी सुरक्षेसाठी त्याचा निकाल लावावा लागेल.

मोजमाप : किलोवॉट आणि अंश

सर्व्हर रूमला जाणाऱ्या वीजवाहिनीवर स्वतंत्र ऊर्जामीटर बसवा. एक यूपीएसच्या आधी, एक यूपीएसच्या नंतर, एक एसीच्या लाइनवर. हा खर्च इतका किरकोळ आहे की त्यासाठी मंडळाच्या मंजुरीची वाट पाहू नये. डेल, एचपी वगैरे कंपन्यांचे सर्व्हर त्यांच्या व्यवस्थापन पोर्टवरून स्वतःचे वॉट सांगतात, तेही नोंदवा.

तापमान खोलीच्या भिंतीवर मोजू नका. सर्व्हर समोरून हवा ओढतो, म्हणून सेन्सर रॅकच्या पुढच्या बाजूला लावा : तळाशी, मध्ये आणि वर. वरचा आकडा तळापेक्षा पाच-सात अंशांनी जास्त आला, तर एसी कमी पडतोय असं नाही. गरम हवा वरून फिरून पुन्हा समोर येते आहे, एवढाच त्याचा अर्थ. सगळे आकडे झॅबिक्ससारख्या मोफत प्रणालीत साठवता येतात.

मग पीयूई (पॉवर युसेज इफेक्टिव्हनेस) काढा, म्हणजे खोलीतली किती वीज खरोखर सर्व्हरच्या कामी येते ते कळतं. ही मोजपट्टी द ग्रीन ग्रिड या संस्थेने २००७ मध्ये रूढ केली. खोलीची एकूण वीज भागिले आयटी यंत्रांची वीज. समजा एकूण १६ किलोवॉट आणि आयटी भार ८, तर पीयूई २. म्हणजे सर्व्हरला लागणाऱ्या प्रत्येक युनिटामागे आणखी एक युनिट थंडाव्यावर आणि यूपीएसच्या तोट्यावर जातं. हा आकडा डिसेंबरमध्ये वेगळा आणि मेमध्ये वेगळा येईल. एकाच महिन्याचा आकडा मंडळापुढे ठेवू नका.

पीयूईच्या नादी फार लागू नये, असंही मला वाटतं. वरच्या उदाहरणात नको असलेले सर्व्हर बंद करून आयटी भार ५ वर आणला आणि एकूण वीज १२ झाली, तर पीयूई २.४ होतो. आकडा बिघडला, पण वर्षाला ३५,०४० युनिट वाचले. म्हणून एकूण युनिट आणि पीयूई शेजारी-शेजारी लिहा, आणि बक्षीस द्यायचं तर एकूण युनिटांना द्या.

सर्व्हरचा प्रोसेसर आणि मेमरी यांचा वापरही तपासा, मात्र एका आठवड्यावरून निष्कर्ष काढू नका. पतसंस्थेचा भार मार्चअखेर चढतो, महाविद्यालयाचा प्रवेशाच्या आणि निकालाच्या दिवसांत, जिनिंगचा दिवाळीनंतर. वर्षभराची नोंद नसेल, तर निदान तुमच्या हंगामाचे दिवस मोजमापात आले पाहिजेत.

बंद करणे आणि एकत्र आणणे

रिकामा बसलेला सर्व्हरही बरीच वीज खातो, अनेकदा पूर्ण भाराच्या निम्म्याच्या आसपास. २५० वॉट सतत घेणारं एक जुनं यंत्र वर्षाला २,१९० युनिट खातं. पीयूई २ असेल तर बिलात ४,३८० युनिट येतात. युनिटला १० रुपये धरले तर ४३,८०० रुपये. कुणीच वापरत नसलेल्या एका यंत्रासाठी दरवर्षी एवढा खर्च होतो.

बंद करायची पद्धत शिस्तीची हवी. आधी पूर्ण बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. मग सर्व्हर बंद न करता फक्त नेटवर्कची केबल काढा आणि एक पूर्ण महिना थांबा, म्हणजे महिनाअखेरचे अहवाल त्यात येतात. फोन आला नाही की वीज बंद करा, पण यंत्र रॅकमध्येच राहू द्या. पुढच्या तिमाहीनंतर ते बाहेर काढा. घाई करून थेट उचलून नेलं की नेमकं वर्षातून एकदा लागणारं काम अडतं आणि मग पुढचं काहीच बंद करायला कुणी परवानगी देत नाही.

बाहेर काढलेलं यंत्र भंगारवाल्याला देऊ नका. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवं. त्याआधी डिस्क काढून पुसा किंवा ड्रिलने भोक पाडा आणि त्याची नोंद सहीनिशी ठेवा. सभासदांची कागदपत्रं असलेली डिस्क बाजारात गेली तर ते प्रकरण निस्तरणं फार कठीण.

उरलेली कामं व्हर्च्युअल मशीन (एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने केलेले अनेक स्वतंत्र सर्व्हर) करून थोड्या, नव्या आणि सक्षम यंत्रांवर आणा. दहा-बारा जुन्या सर्व्हरचं काम बऱ्याचदा तीन यंत्रांत बसतं. तीन यासाठी, की एक बंद पडलं तरी उरलेली दोन सगळा भार पेलतील. हिशेब नेहमी दोन यंत्रांवर बसेल असा करा, तिसरं राखीव. बहुतेक वेळा प्रोसेसर नाही, मेमरी आधी संपते, त्यामुळे पैसे तिथे घाला.

व्हर्च्युअलायझेशनचं सॉफ्टवेअर निवडताना परवान्याचा पाच वर्षांचा खर्च लिहून काढा. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही असं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी घेतली आणि लगोलग कायमस्वरूपी परवाने विकणं थांबवलं, त्यानंतर अनेक लहान संस्थांचं गणित बदललं. प्रॉक्समॉक्स, हायपर-व्ही हे पर्याय आहेत. ते सांभाळणारा माणूस तुमच्याकडे किंवा जवळपास मिळतो का, हा प्रश्न मात्र किमतीइतकाच महत्त्वाचा.

हवा : इथेच खान्देशाची परीक्षा

अ‍ॅश्रे या अमेरिकी संस्थेची शिफारस अशी, की सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश असावी. आजचे बरेच सर्व्हर थोडा वेळ ३५ अंशही सहन करतात. तरीही आपल्याकडे एसी १८ वर लावून ठेवायची सवय आहे, कारण खोलीत शिरल्यावर गार वाटलं की निर्धास्त वाटतं. थंड हवा सर्व्हरच्या तोंडाशी पोचते का, ते मात्र कुणी बघत नाही.

पहिलं काम म्हणजे गरम आणि थंड हवा वेगळी करणं. रॅकची तोंडं एका बाजूला, पाठी दुसऱ्या बाजूला करा. दोन रांगा असतील तर तोंडं समोरासमोर. रॅकमधल्या रिकाम्या जागा ब्लँकिंग पॅनेलने (झाकणाच्या पट्ट्यांनी) बंद करा, नाहीतर पाठीमागची गरम हवा त्याच फटीतून पुढे येते. केबलसाठी पाडलेली भोकं बुजवा, त्यात उंदरांचाही बंदोबस्त होतो. एसीचा झोत रॅकच्या पाठीवर पडत असेल तर एसी हलवा. या कामांना खर्च थोडा आणि फरक सगळ्यात मोठा.

यापुढचं पाऊल म्हणजे थंड गल्लीला, म्हणजे रॅकच्या तोंडासमोरच्या थंड हवेच्या जागेला, आडोसा करणं. इथे आपल्या जिल्ह्याची एक जमेची बाजू वापरा. रावेर, सावदा, फैजपूर भागात केळी पिकवण्याची शीतगृहं आहेत. पारदर्शक पट्ट्यांचे पडदे लावणारे, उष्णतारोधक पॅनेल बसवणारे आणि कॉम्प्रेसर ओळखणारे मेकॅनिक आपल्याकडे आहेत. सर्व्हर रूमचा आडोसा करायला हीच माणसं उपयोगी पडतात, मुंबईहून कुणाला बोलवायची गरज नाही. दोन गोष्टी मात्र त्यांना स्पष्ट सांगा. शीतगृहात सर्रास वापरलं जाणारं फोमचं पॅनेल पेट घेतं, सर्व्हर रूमला रॉकवूल भरलेलं किंवा अग्निरोधक प्रमाणित पॅनेलच हवं. आणि पडदे असे लावा, की आगीचा सेन्सर आणि विझवण्याची यंत्रणा त्यामागे झाकली जाणार नाही.

आडोसा झाल्यावर एसीचं तापमान आठवड्याला एक अंशाने वाढवा आणि वरच्या सेन्सरकडे लक्ष ठेवा. जुलै ते मार्च सर्व्हरच्या तोंडाशी २५-२६ अंश ठेवायला हरकत नाही. एप्रिल ते जून मी २३-२४ सुचवतो. त्या महिन्यांत वीज गेली तर खोली झपाट्याने तापते आणि ते दोन-तीन अंश तुम्हाला थोडी उसंत देतात. बिलात किंचित भर पडेल, ती पडू द्यावी. फार वर जाण्यातही फायदा नाही, कारण २७ च्या पुढे सर्व्हरचे स्वतःचे पंखे जोरात फिरू लागतात. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे एसीवर वाचलेलं तिथे जातं.

आता टनांचा हिशेब. एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. समजा आयटी भार ५ किलोवॉट. यूपीएसचा तोटा, दिवे, तापलेल्या भिंती-छत धरून ७ किलोवॉट. भागाकार २ टन येतो. पण दोन टनांचा एसी पुरणार नाही. घरगुती एसी आपल्या क्षमतेचा सुमारे चौथा भाग हवेतली ओल काढण्यात घालवतो आणि सर्व्हर तर ओल सोडतच नाहीत. शिवाय ४५ अंशांत त्याची मूळ क्षमताही घटलेली असते. म्हणून या उदाहरणात ४ टन चालू आणि त्याशिवाय २ टन राखीव, म्हणजे २ टनांची तीन यंत्रं धरा. खरेदी करताना विक्रेत्याकडून टी-३ वर्गातली, म्हणजे बाहेर ४६ अंश असतानाची क्षमता लेखी मागा. आयएसओ ५१५१ या मानकात तो वर्ग स्पष्ट दिलेला आहे. तो आकडा देता न येणाऱ्याकडून यंत्र घेऊ नका.

तीन यंत्रांची पाळी लावणारा टायमर बसवा. वीज आल्यावर एसी आपोआप सुरू होतो का, ते प्रत्यक्ष मेन स्विच पाडून तपासा. रिमोटने सुरू करावे लागणारे एसी रात्री दोन वाजता कुणाच्याच उपयोगाचे नाहीत. बाहेरची युनिट पश्चिमेच्या भिंतीवर किंवा गच्चीवर पत्र्याच्या शेजारी असतील तर हलवा, निदान वरून सावली करा, पण हवा अडेल असा पिंजरा करू नका.

डेझर्ट कूलर वापरावा का, असं बऱ्याच जणांना वाटतं, कारण आपल्याकडचा उन्हाळा कोरडा. सर्व्हर रूममध्ये तो लावू नका. पावसाळ्यात निरुपयोगी ठरतो आणि बाहेरची धूळ व पाण्यातले क्षार सरळ यंत्रांत जातात. तसंच थंडीतल्या रात्रीची बाहेरची गार हवा आत घ्यायचा मोह. धुळ्याकडे पारा १० अंशांच्या खाली जातो हे खरं, पण तोच जिनिंगचा हंगाम. धरणगाव-जळगाव बाजूला जिनिंगजवळ खोली असेल तर कापसाचे तंतू फिल्टर आठवड्यात बुजवतात. त्या महिन्यांत एसीचे आणि सर्व्हरचे फिल्टर दर आठवड्याला बघायचं काम एखाद्याच्या नावावर लावा.

खोलीची जागा बदलायची संधी असेल तर सोडू नका. सर्वांत वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत टाळा. तळमजलाही आंधळेपणाने निवडू नका : पांझरा, गिरणा, वाघूर यांच्या काठच्या वस्त्यांना पुराचा अनुभव आहे. मधल्या मजल्यावरची, आतल्या बाजूची, वरून पाण्याची पाइप न जाणारी खोली उत्तम. ते शक्य नसेल तर छतावर उष्णता परावर्तित करणारा पांढरा लेप पावसाळ्यानंतर लावून घ्या.

वीज : यूपीएस चालू, एसी बंद

इथे घडणारा सगळ्यात सामान्य अपघात असा. वीज जाते, यूपीएसवर सर्व्हर चालू राहतात, पण एसी यूपीएसवर नसतात. पाच बाय चार मीटरच्या, तीन मीटर उंच खोलीत ५ किलोवॉट उष्णता सुटत असेल, तर नुसत्या हवेच्या हिशेबाने तापमान मिनिटाला सुमारे ४ अंशांनी चढतं. भिंती आणि लोखंड उष्णता शोषतात म्हणून प्रत्यक्षात वेग कमी असतो, तरी अर्ध्या तासाचा बॅकअप असलेला यूपीएस अर्धा तास पुरणार नाही. त्याच्या आत खोली हाताबाहेर जाते.

म्हणून जनरेटरची क्षमता ठरवताना एसी धरलेच पाहिजेत, तेही कॉम्प्रेसर सुरू होतानाच्या जादा करंटसह. इन्व्हर्टर एसीला हा झटका कमी लागतो, हा त्यांचा मोठा फायदा. जनरेटरलाही उन्हाचा फटका बसतो, त्याच्या ४५ अंशांतल्या क्षमतेचा तक्ता निर्मात्याकडून मागा. आपोआप सुरू होण्याची सोय हवी. आणि थंडावा गेलाच तर कुठले सर्व्हर आधी बंद करायचे, तो क्रम यूपीएसच्या सॉफ्टवेअरमध्ये भरून ठेवा : आधी चाचणीचे आणि अहवालाचे, शेवटी मुख्य डेटाबेस.

बॅटरीबद्दल सविस्तर सांगतो, कारण इथे पैसा नकळत जळतो. सीलबंद शिसे-आम्ल बॅटरीचं आयुष्य २५ अंश धरून सांगितलेलं असतं. त्यावर दर ८ ते १० अंशांना ते साधारण निम्मं होतं. जिन्याखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली पाच वर्षांची बॅटरी दोन वर्षांत बसते, मग विक्रेत्याला दोष दिला जातो. बॅटऱ्या थंड जागेत आणा. नवी खरेदी असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटचा खर्च दहा वर्षांच्या हिशेबाने तोलून पाहा, उन्हाळा तिला तुलनेने सोसतो. जुन्या बॅटऱ्या बॅटरी कचरा नियम २०२२ प्रमाणे परत द्या. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि पावसाळ्यानंतर, खऱ्या भारावर यूपीएस चालवून मिनिटं मोजा. पडद्यावर दिसणारी मिनिटं नव्हे, घड्याळातली.

यूपीएस गरजेपेक्षा फार मोठा घेऊ नका, अगदी कमी भारावर त्याची कार्यक्षमता घसरते. आज लागेल तेवढा आणि पुढे मॉड्यूल वाढवता येईल असा घ्या.

सौरऊर्जेचं तर साक्रीजवळच्या १२५ मेगावॉट प्रकल्पामुळे आपल्या भागात नवल राहिलेलं नाही. गच्चीवरचे पॅनेल बिल नक्की कमी करतात, सावलीही देतात. पण ग्रीडला जोडलेली साधी यंत्रणा महावितरणची वीज गेली की सुरक्षेसाठी आपोआप बंद होते. तिला बॅकअप समजून जनरेटर काढू नका. उच्चदाब ग्राहक असाल तर बिल केव्हीएएचवर (नुसत्या कामी आलेल्या नव्हे, एकूण ओढलेल्या विजेवर) येतं, त्यामुळे पॉवर फॅक्टर (ओढलेल्यापैकी कामी आलेल्या विजेचं प्रमाण) इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

काय इथे, काय बाहेर

सगळं क्लाउडवर न्या किंवा सगळं घरात ठेवा, ही दोन्ही टोकं मला पटत नाहीत. प्रत्येक कामाला तीन प्रश्न लावा : इंटरनेट चार तास बंद पडलं तर हे काम थांबलेलं चालेल का, भार वर्षभर सारखा आहे की हंगामी, आणि डेटा किती मोठा आहे.

ईमेल, संकेतस्थळ, महाविद्यालयाचा प्रवेश अर्ज ही कामं बाहेर चांगली. तीन आठवड्यांच्या गर्दीसाठी वर्षभर सर्व्हर पोसण्यात अर्थ नाही. कारखान्यातलं यंत्रनियंत्रण, रुग्णालयातल्या एक्स-रे आणि स्कॅनच्या मोठ्या फाइल, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग इथेच ठेवा. अ‍ॅमेझॉन आणि गूगलची केंद्रं मुंबईत, मायक्रोसॉफ्टचं पुण्यातही आहे, त्यामुळे डेटा देशाबाहेर जायचं कारण नाही. नवी मुंबईत भाड्याने रॅक घेणं हा मधला मार्ग, मुख्यतः बँकांसाठी.

वेळेचा हिशेब मात्र करा. ५० एमबीपीएसच्या पूर्ण लाइनवर १ टीबी डेटा चढवायला सुमारे ४४ तास लागतात. पहिली प्रत डिस्कवर पाठवणं बरं. इंटरनेट दोन कंपन्यांकडून घेतलं तरी दोघांची फायबर एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येते का, ते प्रत्यक्ष चालत जाऊन बघा. महामार्गाच्या कामात जेसीबीने एक चर उकरला की दोन्ही बंद.

बॅकअप, आणि कायद्याचं

तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. जळगावच्या संस्थेने दुसरी प्रत सुमारे ९० किलोमीटरवरच्या धुळ्याच्या शाखेत ठेवली तर पूर आणि आग यापासून बचाव होतो. एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तुटलेली असू द्या, नाहीतर रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) बॅकअपही कुलूपबंद करतं. प्रत्येक प्रणालीसाठी मंडळाकडून दोन आकडे ठरवून घ्या : किती तासांचा डेटा गेलेला चालेल आणि किती तासांत सेवा परत हवी. मग तिमाहीला एकदा प्रत्यक्ष उतरवून बघा.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग (यंत्रांत आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. साठवणुकीचा आकार ठरवताना हे लॉग धरा. नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेची ३१ डिसेंबर २०१९ ची श्रेणीनिहाय सायबर सुरक्षा चौकटही लागू आहे, तुमची बँक कुठल्या पातळीत मोडते ते आधी पाहा. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, जुनी माहिती विनाकारण साठवून ठेवण्याची सवय त्यामुळेही सोडावी लागेल.

वेळापत्रक आणि करार

सगळं काम मेच्या मागे मोजत आखा. पावसाळा संपला की यादी आणि मीटर. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बंद करणं आणि एकत्रीकरण. जानेवारी-फेब्रुवारीत हवा आणि वीज, कारण तेव्हा एसी बंद ठेवून काम करायला सवड मिळते. मार्चमध्ये चाचणी. बँका आणि पतसंस्थांनी १५ मार्चपासून वर्षअखेरचं काम संपेपर्यंत कुठलाही बदल करू नये. त्यांची चाचणी फेब्रुवारीतच व्हायला हवी. साखर कारखाने आणि जिनिंग यांचा हंगामच हिवाळ्यात असतो, त्यांनी एकत्रीकरण पावसाळ्यात उरकावं आणि एसीचं काम हंगामाआधी.

मंडळापुढे एकच पान ठेवा, मराठीत. डाव्या बाजूला आजचे युनिट, बंद पडलेले तास, आधार संपलेल्या यंत्रांची संख्या. उजवीकडे वर्षानंतरचे अपेक्षित आकडे आणि खर्च. तांत्रिक तपशील जोडपत्रात.

देखभालीच्या करारात 'चार तासांत प्रतिसाद' असं लिहिलेलं असतं. प्रतिसाद म्हणजे फोन उचलणं की माणूस दारात येणं, ते स्पष्ट करून घ्या. अभियंता नाशिकहून येणार की छत्रपती संभाजीनगरहून, आणि सुटा भाग कुठल्या गोदामात आहे, हे करारात लिहून घ्या. तरीही एक डिस्क, एक पॉवर सप्लाय आणि एक नेटवर्क स्विच आपल्या कपाटात ठेवाच, एसीचा एक कपॅसिटर आणि पंख्याची मोटरसुद्धा. पासवर्ड, वायरिंगचा नकाशा आणि बंद-चालू करण्याचा क्रम लाखबंद पाकिटात व्यवस्थापकाच्या तिजोरीत ठेवा आणि आयटीतला माणूस बदलला की त्याच दिवशी ते पाकीट नवं करा.

पहिल्या वर्षानंतर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक तालीम घ्या : दुपारी दोन वाजता, कामकाज कमी असलेल्या दिवशी, सर्वांना आधी कळवून मेन स्विच पाडा. जनरेटर किती सेकंदांत आला, एसी आपोआप सुरू झाले का, वरचा सेन्सर कुठवर चढला, हे तिन्ही आकडे त्याच मीटरच्या नोंदवहीत लिहा आणि जे चुकलं त्याची दुरुस्ती महिनाअखेरीच्या आत पूर्ण करा.